रिपोर्ट नॉर्मल आहे

४ जून, मंगळवार

पुन्हा बसल्या जागी डोळा लागला. दुकानात, भर दुपारी, हातात गिऱ्हाइकाचा चष्मा. काडीचा स्क्रू बसवत होते, एवढंच आठवतं. मालक नुसते खाकरले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

७ जून

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. "थायरॉइडचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आहे. गोळी बरोबर लागू पडलीय." मग अंगात शिसं ओतल्यासारखं का वाटतं, विचारलं. "थोडं फिरत जा. मन रमवा." कुठे रमवायचं, ते काही चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

९ जून, रविवार

लेक येणार होती. परीक्षेचं वर्ष म्हणून ती वडिलांकडे राहते — हे लोकांना सांगायला. खरं म्हणजे सकाळी तिचा डबा करायला मला उठवेना. तो म्हणाला, "तुझं तुलाच होत नाही, तिचं काय करणार?" मी भांडले नाही. भांडायलाही ताकद लागते.

केस विंचरले, चांगला ड्रेस घातला, केक आणून ठेवला. दुपारी मेसेज — "आज नको. अभ्यास आहे." गेल्या रविवारीही हेच. आजाऱ्याच्या घरी कोण हौसेने येणार? केक ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला. अर्धा.

१२ जून

उठल्याउठल्या गोळी, वर पाणी. मग बराच वेळ चहाला हात लावायचा नाही. खिडकीत बसून राहते. खाली माणसं कामाला पळत असतात. कशी पळतात?

१४ जून

ताईचा फोन. "अगं, थायरॉइड हल्ली घरोघरी आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

असेल घरोघरी. या घरात मी एकटी आहे.

१६ जून, रविवार

आजही आली नाही. शेवटी मीच फोन केला आणि तोंडातून निघून गेलं — "यायचं नसेल तर सरळ सांग. अभ्यासाचं निमित्त कशाला?"

वाटलं, आता फोन ठेवेल. पण अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, तुझा जिना चढवत नाही गं मला. वर्गातसुद्धा झोप येते. बाबा म्हणतात, आईची नक्कल करतेस."

मी इतके दिवस काय समजत होते!

"उद्या सकाळी तयार राहा बाळा," म्हटलं. "मी येते न्यायला." त्याला नुसतं कळवलं. विचारलं नाही.

१७ जून

लॅबच्या बाकावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. आमचा नंबर पुकारला. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.