मार्केसाचा जबडा

२१ डिसेंबर, एल कारमेन

आले एकदाची! लिमाहून इथवर, गावी, बसमध्ये उभ्याने. ओतिलियाकाकूने दारातच हाणलं — "किती वाळलीस गं! लिमात त्या तुझ्या संगीतापायी नुसते आवाजच खातेस की काय?"

चुलीवर जबडा तसाच टांगलेला. मार्केसाचा. क्रिसांतोकाकांची गाढवीण ती. तिच्या पाठीवर बसून मी द्राक्षमळ्यात जायची. ती गेली तेव्हा मी जेवायलाच बसेना. काकांनी तिचा जबडा मुंग्यांकडून साफ करून घेतला, उन्हात वाळवला आणि माझ्या हातात दिला. "रडतेस कशाला? आता ती बोलेल." मी जबड्यावर बुक्की मारली. सगळ्या दाढा खुळखुळल्या. हसले मी!

नाताळला दारोदार नाचत फिरणाऱ्या ताफ्यात पोरींना वाजवू देत नसत. म्हणून काका मला परसात शिकवायचे. फळांच्या खोक्यावर बसून मी खोकं बडवायची, ते जबडा वाजवायचे. काय दिवस होते!

२२ डिसेंबर

लिमातल्या माझ्या जानेवारीतल्या कार्यक्रमाला जबडा हवाय, म्हटलं. काका म्हणाले, "आधी तुझं ते संगीत ऐकव."

लावलं. जबड्याची एकच खुळखुळ, ताणून ताणून लांबवलेली. खाली विजेची गुणगुण आणि मधूनच खोक्यावर एखादी थाप. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, जिंकले!

"ह्यात ताल कुठाय? एकदा मेलीय बिचारी. पुन्हा कशाला मारतेस?"

काकू भांडी घासता घासता खो खो हसली. मला रडू आलं. जगाने नाक मुरडलं तरी चालेल. काकांनी नाही.

त्यांची दाढ दुखतेय. सोन्याची टोपीवाली. पार हलतेय. शहरातला डॉक्टर काढा म्हणतो. काका कसले ऐकतात! "ही माझ्याबरोबर मातीत जाणार. पुन्हा विषय काढायचा नाही!"

२३ डिसेंबर

गाढवपणा केला. जबड्याच्या दाढा सैल राहाव्यात म्हणून मुळाशी पिस्कोचे, द्राक्षाच्या दारूचे, थेंब सोडतात — काकांनीच शिकवलेलं. मला हाव सुटली. अजून खुळखुळू दे म्हणून सगळे घराबाहेर असताना जबडा दारूत भिजत ठेवला. मागची दाढ हातातच आली. हातातून सुटली. फरशीवर आपटून दोन तुकडे!

जबडा परत टांगला. बोलले नाही कुणाला.

२४ डिसेंबर

ताफा निघाला. तेच व्हायोलिन, त्याच घंट्या, दारोदार तोच पायांचा दणदणाट. आई असती तर चर्चच्या पायरीवर उभी राहून माझ्यासाठी जागा धरली असती.

काकांनी जबड्यावर पहिली बुक्की मारली. थांबले. पुन्हा मारली. माझ्याकडे बघितलं. मग वाजवत राहिले.

२५ डिसेंबर

काकांना सांगून टाकलं सगळं. म्हणाले, "मला काय ऐकू येत नाही का?" आणि उठून गेले.

काकूने भरपूर वाढलं. एक घास उतरला नाही. मार्केसा गेली तरी आवाज उरला होता. तोही मी घालवला.

२६ डिसेंबर

काका सकाळीच शहरात गेले. कशाला? काकू म्हणाली, "तुला काय करायचंय?"

२७ डिसेंबर

निघाले. बस थांब्यावर काकांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. वरूनच चाचपलं. जबडा! दिला म्हणजे! पण एक शब्द बोलले नाहीत. तोंडावर रुमाल, गाल फुगलेला. नुसता हात हलवला. अजून रागावलेत.

"काका, काहीतरी बोला ना!" मी खिडकीतून ओरडले.

काकूच म्हणाली, "आज नाही बोलायचे ते. जा तू, पोरी."

वाटभर रडले. टॉवेल सोडायचा धीर झाला नाही.

२८ डिसेंबर, लिमा

सोडला. बुक्की मारली. जुन्या खुळखुळीत एक बारीक, नवी किणकिण!

मागच्या रिकाम्या खोबणीत, तारेने सैलसर बांधलेली, एक छोटीशी दाढ. सोन्याची टोपीवाली.