पंख्याची टकटक आणि व्याजाचा दर

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हाताला ग्रीस आहे, पण भाव स्वच्छ आहे.)

गुडघा कसा आहे? ताई म्हणत होती, नव्या छत्रीच्या मुठीवरचं प्लास्टिक तुम्ही अजून काढलेलं नाही आणि पाऊस आला की जुनी, तीन काड्या मोडलेली छत्रीच घेऊन जाता. त्यावर मी काही बोलत नाही. मागच्या फोनवर मी तब्येत विचारली तर तुम्ही किती वाजले ते सांगितलंत, म्हणून या वेळी पत्र. आमच्याकडे सगळे ठीक. दुरुस्तीच्या दुकानात पंख्यांच्या मोटारी जळून येताहेत, म्हणजे देवाची कृपा आहे.

आता घडलं ते सांगतो. माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक क्रेडिट कार्ड आहे. दर महिन्याला पूर्ण बिल भरायचो, त्यामुळे कार्डवाल्यांच्या लेखी मी काही कामाचा माणूस नव्हतो. चार महिन्यांपूर्वी एक मोठी खरेदी झाली (काय ते आत्ता विचारू नका) आणि बिल एकदम भरणं जमेना. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन. मी दर महिन्याला सांगितलेली किमान रक्कम इमानाने भरली आणि चौथ्या महिन्यात पाहिलं तर मुद्दल होतं तिथेच, पाय पसरून बसलेलं. असंच चाललं असतं तर ते फिटायच्या आधी मी फिटलो असतो. ही म्हणाली, "अहो, फोन करा आणि व्याज कमी करा म्हणा, सरळ." सरळ! बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हा सल्ला.

फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करत शेवटी एक मुलगी आली. आवाजावरून घरूनच काम करत असावी, कारण तिच्यामागे टेबलफॅन चालू होता आणि दर तिसऱ्या फेऱ्याला टक् वाजत होता. आतलं बुश कोरडं पडलेलं, तेल मागत होतं. ती नाव, जन्मतारीख विचारत होती, पण माझा सगळा जीव त्या टक्-मध्ये. आधी मी दर किती जास्त आहे, धंदा कसा मंद आहे, शेजारच्या कार्डवाल्यांकडे म्हणे किती स्वस्त आहे, असं वीस मिनिटं बोललो. शेवटी तीच म्हणाली, "काका, तुम्हाला नक्की काय हवंय?" आता आपला आकडा आधी सांगेल ते गिऱ्हाईक कसलं? मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय देता ते. मागून ही ओरडली, "अहो, व्याज म्हणा, व्याज!" पोरीने ते ऐकलं, थोडा वेळ टाइप केलं आणि वर्षाला बेचाळीसवरून चोवीसवर आणते म्हणाली.

दाजी, चोवीस! मी मनात तीस धरून बसलो होतो. पण सवय! पहिल्या भावाला हो म्हणायला जीभ वळेना. "नाही परवडत, राहू द्या," म्हटलं, फोन टेबलावर ठेवला आणि दाराकडे चार पावलं चालत गेलो, मागून हाक येईल म्हणून. (त्याआधी पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घाला, एवढं तिला सांगितलं होतं. वैर भावाशी, पंख्याशी नाही.) हाक आली नाही. फोन कट झाला होता.

तीन दिवस वाट पाहिली. त्या तीन दिवसांचं जास्तीचं व्याज एका बऱ्यापैकी बेअरिंगच्या किमतीइतकं झालं. चौथ्या दिवशी मीच फोन लावला, पण दुसऱ्या कुणाशी पहिल्यापासून घासाघीस नको, तीच पाहिजे. ओळख एकच, ती टकटक. फोन लागला की मी श्वास रोखून ऐकायचो. टकटक नाही, ठेवून द्यायचो. असे चार जण गेले. पाचव्या वेळी आवाज आला, मागे पंखा अगदी लोण्यासारखा फिरत होता. मी "ही नव्हे" म्हणून ठेवणार, इतक्यात, स्क्रीनवर माझं नाव दिसलं असावं, ती म्हणाली, "काका, ठेवू नका! मीच आहे. तेल घातलं!"

माझ्याच कारागिरीने माझी खूण पुसली होती. एकदा देऊ केलेला चोवीसचा दर तीस दिवस मागे घेत नाहीत, त्या दिवशी नुसतं हो म्हणाला असतात तर झालं असतं, असं तिने सांगितलं. तरी मी विचारलंच, शेवटचं काय? ती म्हणाली, साहेबांना विचारते. मी कान लावला. कुणालाही विचारलं नाही. ग्लास उचलल्याचा, पाणी प्यायल्याचा, ग्लास ठेवल्याचा आवाज आला आणि मग, "साहेब नाही म्हणाले." दाजी, मी स्वतः मालक असून गिऱ्हाइकाला 'मालकांना विचारतो' म्हणून पडद्यामागे जाऊन पाणी पितो. हे ऐकलं आणि मी मुकाट्याने हो म्हटलं. धंद्यातल्या माणसाचा मान ठेवावा लागतो.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. ती मोठी खरेदी म्हणजे तुमचं कानाचं यंत्र. ताई सांगते, ते मखमली डबीत, कपाटात, तुमच्या ठेवणीतल्या कोटाखाली आहे, खराब होऊ नये म्हणून. दाजी, ते जसंच्या तसं राहो न राहो, त्याचं व्याज रोज न चुकता वापरात आहे. तुमच्या जिन्याखाली काम शिकताना मी पहिला पंखा उघडायला निघालो, तेव्हा हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन तुम्ही म्हणाला होतात, "आधी ऐक, मग उघड." त्या एका वाक्यावर माझं दुकान उभं आहे. आता तुम्ही उलट करा. आधी डबी उघडा.

ता. क. दुसरा. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. तब्येत विचारीन. वेळ सांगितलीत तर पुढच्या गाडीने येऊन ते यंत्र स्वतः तुमच्या कानात बसवीन, आणि त्या गाडीचं तिकीटही त्याच कार्डावर काढीन.