बाळाच्या डोक्यातला भोवरा

पिपरी मेघे, वर्धा
१९ जानेवारी २०२५

अहो,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, बापूजींचा खोकलाही उतरला. माझे टाके सुकत आलेत. आई आष्टीहून डिंकाचे लाडू घेऊन आली आहे आणि मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. उद्या पीयूषदादा हैदराबादला निघतोय, त्याच्याजवळ ही चिठ्ठी देते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी भलतंच काही बोलत बसते.

बाळाचं स्वेटर पाठवलं आहे. समोरून बंदांचं विणलं, डोक्यावरून घालावं लागणार नाही.

परवा शेजारी उज्वलाताईंचं बाळ रडलं आणि इकडे माझा पदर ओला झाला. आईने दुसरा ब्लाऊज आणून दिला.

आठव्या महिन्यातली सोनोग्राफी सारखी आठवते. डॉक्टरांनी पडद्यावर रंग सुरू केले आणि त्याच्या डोक्याच्या मधोमध लाल-निळा भोवरा फिरायला लागला. रक्त बारीक नसांतून न जाता धमनीतून थेट शिरेत पडतंय, त्याने शीर फुगली आहे, हृदयावर ताण येतोय, असं त्यांनी सांगितलं. मी आईला फोन केला, तर ती म्हणाली, "साऱ्याच पोरायच्या डोक्यात भवरा राह्यते, घाबरू नको." तेव्हा मी हसले होते. मग पोटातच त्याचा एमआरआय झाला. मेंदू चांगला वाढलाय म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर मी बाळंतपणापर्यंत तग धरला.

जन्मल्यावर टाळूवर यंत्र ठेवून पुन्हा तोच भोवरा पाहिला. त्याला धाप लागलेली, तुम्ही लगेच त्याला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन निघालात. माझ्या लेकराचं डोकं मी आतून पाहिलं, चेहरा मात्र दुपट्यातून ओझरताच दिसला.

मांडीच्या नसेतून तार नेऊन ती वाट बुजवली, हृदय सावरलं, एवढं तुम्ही सांगितलंत. त्यानंतरच्या एमआरआयचं विचारलं की तुम्ही मला जेवणाचं विचारता.

मला कळलंय. काल बापूजींना समोर बसवून विचारलं. ते म्हणाले, "मेंदूच्या एका भागाले रक्त कमी पडलं, पोरी. डावा हात-पाय कमजोर राहू शकते. अंकुशनं सांगू नका म्हटलं होतं."

मी रागावले नाही. तिथल्या बाकावर हे एकट्याने उराशी धरून तुम्ही कसे झोपत असाल, तेच मनात येत राहतं. पण त्याचं काहीही माझ्यापासून लपवू नका. तो जसा आहे तसा मला हवा आहे. जवळ हवा आहे.

शुक्रवारी टाके दाखवले की आई आणि मी रात्रीच्या गाडीने निघतो. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. तोवर आत सोडतील तेव्हा त्याचा डावा हात धरून बसत जा. पुढे मी धरीन.

तुमच्या दोघांकडे निघालेली,
वर्षाली