गुणवंतरावांची माडी

आमघाट
दि. १२ जानेवारी १९८६

चि. देवराव यास,
अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुजाताला गणितात एकतीस मार्क पडले आणि तू त्याला बरे म्हणतोस. एकतीस बरे नव्हेत. उन्हाळ्यात तिला माझ्याकडे पाठव. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुली शिकवल्या, स्वतःची भाची मला जड नाही.

चंद्रपूरचं बिऱ्हाड मोडून आईच्या घरात राहायला आले, त्याला दोन महिने झाले. त्र्याऐंशीच्या पुराची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याच्याही वर. शेजारची सोनीबाई रोज येते आणि चुना मारून टाक म्हणते. मी मारणार नाही.

आता बातमी. नगरपालिकेवर सध्या प्रशासक आहे. त्याने पूर बंदोबस्ताचा आराखडा करायला समिती नेमली आणि निवृत्त मुख्याध्यापिका रिकामी सापडली म्हणून मला चिटणीस केलं. पहिल्या सभेला गेले तर समोरच्या खुर्चीवर गुणवंतराव ठेकेदार. सभेत मी त्याला अहोजाहो करते, पत्रात करणार नाही.

त्या दिवसाचं तुला सांगायला नको. पण मी ते रोज स्वतःला सांगते, म्हणून इथेही लिहिते. दुपारचे चार वाजले होते. वैनगंगा चढली आणि नाल्याचं पाणी उलटं वस्तीत शिरलं. आई आणि सोनीबाई गावातली पहिली उंच माडी गाठायला निघाल्या. ती गुणवंतरावाची. सोनीबाई वाटेत निंबाला धरून राहिली म्हणून वाचली. आई त्याच्या दारापर्यंत पोचली. तिने दार वाजवलं, ते उघडलं नाही आणि पाण्याने तिला पायऱ्यांवरून ओढून नेलं. मी परीक्षेच्या कामाला चंद्रपुरात अडकलेली. रस्ता सुटून इथे यायला चार दिवस लागले. तोवर सगळं आटोपलं होतं.

गुणवंतरावाचं म्हणणं असं की त्याच्या लाकडाच्या डेपोतले सागाचे ओंडके वाहत येऊन दारावर आदळत होते, त्यात माणसाची थाप कशी ओळखणार. सोनीबाई म्हणते, माडीच्या खिडकीत मानसं उभी होती, बाई, मले दिसून राह्यली होती. ओंडक्याले का बोटं असतेत दार ठोकाले?

सभेत तो म्हणाला की नदी आपली माय आहे, तिच्यापुढे माणसाचं काय चालतं. मी इतिवृत्तात लिहिलं, गुणवंतरावांनी नदीविषयी आदर व्यक्त केला. मग पुढचं कलम मोठ्याने वाचलं: नाल्याकाठचा लाकडांचा डेपो टेकडीवर हलवावा. देवराव, पुढच्या पुरात त्या दारावर ओंडके आदळणार नाहीत. तेव्हा त्याला काय ऐकू येत नाही ते मला बघायचं आहे.

सुजाताच्या आईला जयभीम सांग. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी बाई,
कमळा

अजनी, नागपूर
दि. २ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप बाईस,
धाकट्या भावाचा, देवरावचा सविनय जयभीम.

पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. समितीत हजेरी घेतेस का? उशिरा येणाऱ्याला बाकावर उभं करत असशील. प्रशासकाची मला दया येते.

सुजाता म्हणते, आत्याकडे जाईन पण पाढे म्हणणार नाही. तिची आई म्हणते, मग जाऊच नको. आमच्या घरी असं चाललं आहे. रेल्वेच्या हापिसात माझी टेबलबदली झाली, आता खिडकीजवळ बसतो.

बाई, एक विचारू? रागावशील, तरी विचारतो. हा आराखडा तू गावासाठी करून राह्यलीस की एका माणसासाठी? आई गेली त्याला अडीच वर्षं झाली. तुला एकटीला त्याच गावात, त्याच माणसासमोर दिवस काढायचे आहेत. त्याचे ट्रक आहेत, माणसं आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याने काही मदतही केली होती, ती तुला ठाऊक नाही. झालं ते तेव्हाच कागदावर मिटलं. आता इकडे ये, आमच्यासोबत राहा. वरची खोली रिकामी आहे.

प्रकृतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझा,
देवराव

आमघाट
दि. ९ मार्च १९८६

चि. देवराव यास,
आशीर्वाद. सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हींसाठी. कलमं तीच लागतात.

महिनाभर मी पाटबंधाऱ्याचा तरुण इंजिनियर खुशाल मडावी याच्याबरोबर घरोघर फिरले. प्रत्येक घरी एकच प्रश्न, पाणी कुठवर आलं होतं. बायका हात लावून दाखवतात. कोणी छातीवर, कोणी गळ्यावर, कोणी नुसतं आढ्याकडे बघते. खुशाल दुर्बीण लावून ते मोजतो आणि नकाशावर उतरवतो. फक्त गुणवंतरावाच्या भिंतीवर खूण सापडली नाही. त्याने ऑइलपेंट मारला आहे. त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, दारापाशी वाकून पायऱ्या दाखवल्या. सात पायऱ्यांपैकी सहा बुडाल्या होत्या. म्हणजे घरात थेंब नव्हता.

नकाशा झाल्यावर खुशालला कळलं ते ऐक. नुसत्या नदीने वस्ती एवढी बुडाली नसती. डेपोतले ओंडके वाहत जाऊन रपट्याच्या, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, नळ्यांत अडकले, त्यांचा बांध झाला आणि पाणी वस्तीत पुरुषभर चढलं. तो भाबडा मला म्हणाला की मॅडम, तुम्ही पहिल्याच सभेत डेपोचं कलम मांडलं, तुम्हाला हे आधीच कसं सुचलं. मी म्हटलं, अनुभवाने.

डेपो हलवायचा हुकूम निघाला. मी सकाळ-संध्याकाळ फिरायला त्याच बाजूने जाते आणि ट्रक भरताना बघत उभी राहते. गुणवंतराव एकदा म्हणाला, बाई, उन्हात काऊन उभ्या राहता, घेरी येईल. मी म्हटलं, मला पाण्याची सवय नाही, उन्हाची आहे.

आता तू सांग. कागदावर मिटलं म्हणजे काय? कोणता कागद? आराखड्याला त्र्याऐंशीच्या मृतांची यादी जोडायची आहे, म्हणून तहसिलीतली जुनी फाईल मागवली आहे. तुझ्या पत्राच्या आधी ती आली तर मी तीच वाचीन.

कमळा

आमघाट
दि. ३ एप्रिल १९८६

श्री. देवराव निमगडे यांस,
जयभीम.

फाईल आली. पान अकरावर तुमचा जबाब आहे. दारावर लाकडं आदळत असल्यामुळे आईची हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं, ही आमची खात्री आहे. घरच्यांची कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली तुमची सही. घरच्यांत मी धरलेली आहे का, ते लिहिलेलं नाही.

पुराच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. लाकडं आदळताना तुम्ही ऐकली नव्हती.

सुजाताला पाठवायचं असेल तर पाठवा. तिचा काही दोष नाही.

कमळा निमगडे

अजनी, नागपूर
दि. १० एप्रिल १९८६

तीर्थरूप बाईस,
देवरावचा जयभीम.

तू मला अहो लिहिलंस. चार वेळा वाचलं. यापेक्षा मारलं असतंस तर बरं झालं असतं.

मी वडसा स्टेशनवर उतरून चिखलातून चालत गावात आलो तेव्हा आई शाळेच्या ओट्यावर सतरंजीखाली होती. तीन दिवस झाले होते. पावसाची झड लागलेली. बाई, गावात सुकं लाकूड नव्हतं. लोकांच्या चुलीत घालायला नव्हतं. मी दारोदार फिरलो. घरांची दारंखिडक्या भिजलेली, खाटा भिजलेल्या. सुकं लाकूड एकाच ठिकाणी होतं, गुणवंतरावाच्या मागच्या टिनाच्या शेडात. त्याने विचारायच्या आधीच ट्रक भरून दिला, वर घासलेटचा डबा दिला, चार माणसं दिली. चिता पेटली तेव्हा मला एवढं हायसं वाटलं की मी त्याचे हात धरले. संध्याकाळी त्याचा मुनीम कागद घेऊन आला. मी वाचला. सही केली. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

तू असतीस तर काय केलं असतंस, असं मी विचारणार नाही. तू सही केली नसतीस, हे मला ठाऊक आहे. पण आईला अजून चार दिवस तसंच ठेवलं असतंस का, ते मला ठाऊक नाही.

यंदा सुजाताला पाठवतो. मीही येऊ का?

तुझा,
देवराव

आमघाट
दि. १५ जून १९८६

देवराव यास,
जयभीम.

सुजाता पोचली होती, तेरापर्यंत पाढे पाठ करवून परत पाठवली. तू येऊ नकोस. तुझ्या पत्राला उत्तर मला सापडत नव्हतं म्हणून दोन महिने लिहिलं नाही. तू म्हणतोस तसं मी सही केली नसती. पुढचं मलाही ठाऊक नाही, आणि त्यासाठी मी तुझ्यावर जास्तच रागावले आहे. पण आता एवढं कळलं की त्याने आधी दार लावलं आणि मग त्याच्याच लाकडाने माझ्या भावाचं तोंड बंद केलं. हिशेब एकट्या आईचा राहिला नाही.

शेवटच्या सभेत मी तेरावं कलम मांडलं. पूररेषेच्या वरच्या पक्क्या माड्या आश्रयस्थान ठरवाव्यात. नगरपालिकेचा भोंगा वाजला की घरमालकाने दार उघडून स्वतः दारात उभं राहावं आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहावं. वस्तीला सर्वांत जवळची माडी कोणती, ते नकाशाच सांगतो. गुणवंतरावाने बरंच सांगितलं. घरात देवघर आहे, विहीर एकच आहे, सुना आहेत, शाळा आहे ना मग. खुशालने शाळेचा आकडा दाखवला: ओट्यावर कमरेइतकं पाणी. प्रशासकाने विचारलं की देवघर आहे म्हणून कोणाला बाहेर ठेवायचं, ते नीट सांगा, इतिवृत्तात घेऊ. मी पेन उघडून वाट पाहिली. मग पेन मिटलं. कलम मंजूर झालं आणि नगरपालिकेच्या पेंटरने त्याच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं, पूर आश्रयस्थान, सर्वांसाठी.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. पहिल्या थापेला मी दार उघडलं. त्याने घाम पुसला आणि सांगितलं की गावातले लोक हसून राह्यले, भाचीच्या लग्नाला पाहुणे येतात ते पाटी वाचतात, तेवढी पाटी पुसा, कलम राहू द्या. मी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तो पाणी प्यायला. मग भिंतीवरची रेघ दाखवली आणि म्हटलं, तुम्ही ही पुसा, मी ती पुसते. तो उठून गेला.

कमळा

आमघाट
दि. २४ ऑगस्ट १९८६

चि. देवराव यास,
जयभीम वि. वि.

पेपरात वाचलंच असशील. आम्ही सुखरूप आहोत.

पंधरा तारखेला झेंडावंदन झालं आणि दुपारी भोंगा वाजला. पाणी चढत होतं, पण रपटा मोकळा होता. त्र्याऐंशीत जिथे गळाभर होतं तिथे या वेळी मांडीइतकं. सगळी वस्ती चालत निघाली. म्हातारी माणसं खाटेवर, कोंबड्या टोपलीत. सोनीबाई सगळ्यांच्या पुढे. मी तिच्या मागे.

दार बंद होतं.

सोनीबाई थबकली. मी सहाव्या पायरीवर उभी राहिले. वारा नव्हता, ओंडके नव्हते, पाण्याचा नुसता सळसळ आवाज. मी दार वाजवलं. एकदाच, बोटाने. आणि देवराव, तुला खरं सांगते, ते उघडू नये असं मला वाटलं. शंभरावर माणसं पाण्यात उभी होती आणि मला वाटलं, आता उघडू नको, म्हणजे सगळ्यांना कळेल.

दार गिरजाबाईने उघडलं. गुणवंतराव तिच्या मागे वही घेऊन उभा होता. गिरजाबाई मला म्हणाली, तेही सगळ्यांसमोर, की बाई, लाकूड नाव घेऊन हाक मारत नाई. तुमची माय गिरजा, गिरजा म्हणून राह्यली होती. मी कडीपर्यंत गेली होती, यायनं हात धरला.

सोनीबाई नाव सांगायला पुढे झाली, तिला मी थांबवलं. गुणवंतरावाला म्हटलं, पहिलं नाव भागीरथा निमगडे लिहा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्या तीन वर्षांपासून दारात उभ्या आहेत, त्यांना आधी घ्या. त्याने लिहिलं. शुद्धलेखन मी तपासलं. मग सोनीबाईचं, मग बाकी एकशे बारा नावं. लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. तीन दिवस वस्ती त्या माडीवर राहिली, त्याच विहिरीचं पाणी प्यायली, गिरजाबाईने भात आणि अंबाडीची भाजी सगळ्यांना वाढली. एकही माणूस दगावला नाही. हे मला, खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. आदल्या दिवशी मी फक्त त्याचं तोंड बघत होते.

खुशाल म्हणतो, आराखडा यशस्वी झाला, आता समिती बरखास्त करू. लोक म्हणतात, बाई, आता झालं, सोडा. गुणवंतराव रस्त्यात भेटला की मान खाली घालतो. तूही सोड म्हणशील, म्हणून आधीच लिहून ठेवते. मी चौदावं कलम घालून घेतलं आहे. पुराची सवय राहावी म्हणून दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागलं की भोंगा वाजेल, सगळी वस्ती त्या सात पायऱ्या चढेल आणि मालक दारात उभा राहून नावं लिहील, पहिलं नाव आईचं. पाऊस येवो न येवो.

येत्या मेमध्ये तू ये. सुजातालाही आण. ओळीत तुला माझ्या पुढे उभं करीन आणि आईचं नाव त्याला तू सांगशील, मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं. ते जमलं तर आपण घरी येऊन जेवू आणि पुढचं पुढे बोलू.

गुणवंतरावाचं वय एकसष्ट आहे, माझं अठ्ठावन्न. माझी प्रकृती उत्तम आहे.

लोभ असावा असं लिहायला अजून हात धजत नाही. पण पत्र पाठवत राहा.

तुझी बाई,
कमळा