दोन घोटांमधला श्वास

प्रिय आई,

टिल्लू आता बरा आहे, हे आधी सांगते, नाहीतर तू पत्र उभ्या उभ्याच वाचशील. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेऊन बसलेय.

तू इथून गेलीस त्याच दिवशी त्याचं काहीतरी बिनसलं. आधी कसं, बाटली तोंडात दिली की लवकर सुटका नाही. थोडं चोखायचं, थांबायचं, माझ्याकडे मख्ख बघायचं, मग पुन्हा. तू गेलीस आणि गडी एकदम गटागटा प्यायला लागला. मी खूश! सासूबाईंना म्हटलंसुद्धा, बघा, आळस गेला एकदाचा. पण लगेचच ठसका लागला, दूध नाकातून आलं आणि ओठांभोवती निळसर झालं. आई गं, त्याला उचलून पालथं धरलं, तेव्हा कुठे त्याचा श्वास लागला. पुढे दर वेळी तेच. शेवटी बाटली दिसली की तो तोंड फिरवून रडायला लागला. एवढंसं पोर, आणि दुधाला भ्यायचं?

माझा स्वभाव तुला नवा नाही. कापड शिवायला टाकलं तरी शिंप्याने मारलं तर नाही ना म्हणून उरल्यासुरल्या चिंध्या मागून घेणारी मी. आधी दुधाच्या डब्यावर संशय घेतला. मग डॉक्टरांवर, कारण ते छाती तपासून काही नाही म्हणाले. शेवटी दवाखान्यातल्या त्या नर्सकडे गेले, जिने मला पाजायला शिकवलं होतं. तिने बाटली उलटी धरली. थेंब थेंब पडायला हवं, तर धारच लागली. मग निपल उजेडात धरलं. भोक मोठं केलेलं, कडा वितळलेली. कोणीतरी तापलेली सुई घातली होती.

चोखणं, गिळणं, श्वास घेणं, तिन्ही बाळाला येतं, ती म्हणाली, पण त्यांची सांगड बसायला पोटातले शेवटचे आठवडे लागतात, आणि आपले साहेब तर दिवस भरायच्या आधीच घाईने आलेले. गिळताना श्वास क्षणभर थांबतो. घोट खाली गेला की मगच घेता येतो. तो मध्येच थांबायचा तो आळस नव्हता गं, तो श्वास घेत होता! धार लागल्यावर त्याला ती उसंतच उरली नाही. गिळत राहा, नाहीतर गुदमर.

घरी आले ती डोक्यात राख घालूनच. एवढा वेळ का लागतो म्हणून रोज कुरकुर कोण करायचं? सासूबाई! नवऱ्यादेखत त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली. होती ती सगळी निपलं कचऱ्यात टाकली आणि नवी आणायला स्वतः दुकानात गेल्या. मला वाटलं, पुरावा लपवताहेत.

मग तुझा फोन आठवला. घरी पोचल्या पोचल्या तू केला होतास, आणि पहिलाच प्रश्न, आता लवकर संपवतो ना? तोवर मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. काल सासूबाईंना सरळ विचारलं. त्यांनी घडी घालायला घेतलेलं दुपटं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, तुझ्या आईला गॅसवर सुई धरताना पाहिलं होतं, बोटातला काटा काढायचा असेल असं वाटलं. नर्सचं माझ्या तोंडून ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तरी गप्प बसल्या, का, तर माझं तुझ्याशी वाकडं येऊ नये.

लेकरू चोखून चोखून दमतं, हे तू दहादा म्हणालीस. मायेपोटीच केलंस, कळतं मला. तरीही मी रागावलेय, फार रागावलेय. तू शनिवारी येणार म्हणालीस, म्हणून आधी लिहितेय. ये. आल्यावर पहिल्यांदा सासूबाईंशी बोल. टिल्लूला मांडीवर घे, आंघोळ घाल, कुशीत झोपव. पण बाटलीला हात लावू नकोस. मी खोलीत असेन, आणि माझी नजर तुझ्यावर असेल. आई, मी आजवर सगळ्या जगावर संशय घेतला. त्यातून एक तूच तेवढी सुटली होतीस.

तरीही तुझीच,
धाकटी