सास्तूरच्या मुलीचा दुसरा अल्बम

आई, आज तुला एका नव्या अल्बमबद्दल सांगायचं आहे, कारण त्याच्याबद्दल मला दुसरीकडं कुठं लिहिता येत नाही.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळं पुढं मी काय करते हे तुला ठाऊकच नाही. मी पुण्यात राहते आणि रॉक-पॉपचे नवे अल्बम ऐकून त्यांच्यावर लिहिते. ते कसे झालेत, का तसे झालेत, ते सांगते. हेच माझं काम, असं आपल्या नळदुर्गात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. तू हसली नसतीस. आपल्या घरात हे आधीपासूनच चालायचं. बाबा ट्रकवर असायचे आणि हायवेलगतचं कॅसेटचं दुकान तू सांभाळायचीस. दुकानाच्या मागंच स्वयंपाकघर, मधल्या फळीवर टेप. सोलापूरहून नवा माल आला की तू भाकरी थापत एकेक कॅसेट ऐकायचीस, आणि थापता थापता तुझा हात थांबला की मला कळायचं, ही चालणार. ड्रायव्हर विचारायचे, "वहिनी, ही कशी हाय?" तू सरळ सांगायचीस, "पहिली दोन गाणी चांगली हायेत, बाकी नुसती भरती."

एकदा त्या मालात इंग्रजी रॉकची एक कॅसेट चुकून आली. मी नववीत. पहिलं गाणं निम्मंही झालं नसेल, मी टेप बंद केला आणि म्हणाले, "नुसता गोंगाट हाय." तू पिठाच्या हातानं तो परत चालू केलास. "मला बी काय कळंना," तू म्हणालीस. "पण त्यांनी जीव लावून केलं असंल का न्हाय? आवडलं न्हाय तर न्हाय म्हण. पण समदं ऐकून म्हण, आन् का आवडलं न्हाय ते बी सांग." मग आपण दोघींनी ती अख्खी ऐकली. दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं. तू तवा उतरवून ठेवलास आणि म्हणालीस, "घसा बसल्यावाणी आवाज हाय ह्याचा. पण खोटा न्हाय." ती कॅसेट कुणी घेतली नाही. दहावी पास झाल्यावर तू मला वॉकमन दिलास, तेव्हा आत तीच घालून दिलीस.

आता दर आठवड्याला नवे अल्बम येतात. मी एकदा काही न टिपता ऐकते, मग हेडफोनवर, मग बसमध्ये फोनच्या भिकार स्पीकरवर. चांगलं गाणं तिथंही तग धरतं. शब्द सगळ्यात शेवटी बघते. गाणी नुसती एकापुढं एक लावली आहेत की त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे, गायक आधी जिथं होता तिथंच उभा आहे का, ते शोधते. दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते माझं लिहून होईपर्यंत वाचत नाही. आणि ज्याच्याशी ओळख झाली त्याच्यावर लिहीत नाही. हा माझा नियम.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या चार मुलांच्या बँडनं मराठी रॉकचा पहिला अल्बम काढला. गाणारी मुलगी सास्तूरची. सगळीकडं कौतुकच चाललं होतं. संपादक म्हणाले, "तुमच्याकडचीच मुलं आहेत, तुम्हीच लिहा." मी लिहिलं की गिटार उत्तम, ड्रम्स त्याहून उत्तम, पण गाणारी मुलगी स्वतःच्या आवाजात गात नाही. तिचे उच्चार शहरातून उसने आणलेत आणि त्या उच्चारांत तिचा राग विझून जातो. त्यावर नळदुर्गहून चुलतभावाचा फोन आला. "आपल्याच पोरांचे पाय वढायला तुला शिकवलं का काकीनं?" मी म्हटलं, "काकीनं हेच शिकवलंय." त्यानं फोन ठेवला. दिवाळीलाही तो माझ्याशी धड बोलला नाही.

मग त्या मुलीचाच फोन आला. भांडायच्या तयारीतच होती. "ताई, समदी गाणी ऐकलीत का तुम्ही?"

"सगळी. पुन्हापुन्हा."

"मग चौथ्या गाण्यात मी कुठं उसनी वाटले, ते सांगा."

मी ओळ सांगितली. तिनं ती फोनवरच गुणगुणून पाहिली. मग म्हणाली, "तिथं मी आधी 'लई' लिहिलं होतं. रेकॉर्डिंगला स्टुडिओवाले म्हणाले, हे गावंढळ वाटतंय. 'फार' कर."

"आणि तुला काय वाटलं?"

"मला लईच बरं वाटत होतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यानं माझा नियम लागू झाला.

या महिन्यात त्यांचा दुसरा अल्बम आला. मी संपादकांना सांगितलं, हा दुसऱ्या कुणाला द्या, मी तिच्याशी बोलले आहे. आई, ती गाते आहे. सास्तूरच्या घरात बोलावं तशी गाते आहे, लई, न्हाय, कुठं, इथं, सगळं तसंच, आणि मागं गिटार अशी वाजते की उच्चार लपवायची कुणाला गरजच पडू नये. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावात वाढलेल्या मुलीचं घराबद्दलचं एक गाणं आहे. त्यात ती कुठंही रडत नाही, नुसती घरं कुठं होती ते सांगत जाते. चुलतभावानं मला त्याची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "आता ऐक." मी ऐकलंच होतं. तरी त्याच्यासाठी पुन्हा ऐकलं. आपल्या भागाचा, त्या पोरीचा आणि खरं तर माझाही मला इतका अभिमान वाटला की मी उठून खोलीत फिरत राहिले.

परीक्षण मुंबईच्या एका नावाजलेल्या समीक्षकांनी लिहिलं. भरभरून लिहिलं. फक्त ते घराचं गाणं जरा लांबल्याचं त्यांनी म्हटलं, आणि कारणही नीट दिलं. त्यांचा तो हक्कच आहे. मीही आयुष्यभर तेच करते. तरी मी त्यांना एक लांबलचक निरोप लिहिला, चुलतभावाला शोभेल असा. मग पुसून टाकला आणि हे तुला लिहायला बसले. हे काही कुठं पाठवायचं नाही. पण त्या निरोपातलं एक वाक्य फार चांगलं जमलं होतं, आणि ते पुसल्याचं मला अजून वाईट वाटतंय.