नमुना फॉर्म

५ एप्रिल
नवं आर्थिक वर्ष, नवा मी. पगार विभागात सव्वीस वर्षं काढली, निवृत्तीसाठी मात्र दमडी साठवली नाही. नऊ वर्षं उरली. यंदा पेन्शन खात्यात साठ हजार भरणार. तेवढ्यावर टॅक्स माफ. मोठे पगारवाले सल्लागार लावून सवलत घेतात, आपण मधल्या पगाराचे लोक साधा फॉर्मही भरत नाही. हा अन्याय संपवणार.

१२ एप्रिल
लोकांना कळावं म्हणून स्वतःचाच फॉर्म भरून नोटीस बोर्डावर लावला. वर लाल शाईत ‘नमुना’. अक्षर सुरेख आलंय. खाली नियम: वर्षभर टॅक्स कमी कापू, पण पैसे भरल्याची पावती १० मार्चला पाचच्या आत हवी. नाहीतर सगळा टॅक्स एकदम कापणार आणि नाव याच बोर्डावर लागणार. साहेब असो की शिपाई.

१५ एप्रिल
डिस्पॅच क्लार्कने नमुन्यावरून आकडासुद्धा माझाच उतरवला. पगार माझ्याहून कमी. दरमहा पाच हजार भरतो म्हणाला. ऐपत बघावी माणसाने. कीव आली.

३० एप्रिल
पगार हातात जास्त आला. म्हणजे बचत सुरू झाली! बायकोने विचारलं, खात्यात भरले का. म्हटलं, एकरकमी भरणार.

२ ऑगस्ट
वाचलेल्या टॅक्समधून आरामखुर्ची घेतली. पाय वर होतात. बायको म्हणाली, ही कशाला. म्हटलं, निवृत्तीनंतर लागणारच, तेव्हा महाग पडेल. तिला दूरदृष्टी पहिल्यापासून नाही.

१९ नोव्हेंबर
दरमहा पंधरा हजार. चार हप्ते. पुढच्या पगारापासून नक्की.

६ जानेवारी
दरमहा वीस. उलट सोपं झालं, तीनच हप्ते.

८ फेब्रुवारी
तीस-तीसचे दोन. खुर्चीत बसून विचार केला की सगळं स्पष्ट दिसतं.

११ मार्च, सकाळ
साहेबांच्या सेक्रेटरीबाई पावती घेऊन आल्या. एक दिवस उशीर. मुलगी आजारी होती म्हणाल्या. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

११ मार्च, दुपार
सदतीस फॉर्म, पस्तीस पावत्या. दोन कमी. त्यातली एक बाईंची. दुसरा महाभाग कोण, तासभर शोधलं. शेवटी उठून बोर्ड पाहिला.

११ मार्च, साडेचार
नियम फारच कडक आहे, असं लक्षात आलं. माणुसकी म्हणून सगळ्यांना आजपासून पंधरा दिवस वाढवून दिले. बाईंनी पाच मिनिटांत पावती आणून दिली.

२४ मार्च
खुर्चीच्या दुकानात गेलो. वापरलेली खुर्ची परत घेत नाहीत.

२६ मार्च
पाच वाजले. यादी लावली. एकच नाव. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

३१ मार्च
वर्षभराचा टॅक्स एकदम कापला. स्लिप मीच काढली, सहीही माझीच. डिस्पॅच क्लार्क आभार मानायला आला. खात्यात साठ हजार दिसतात, आयुष्यात पहिल्यांदा म्हातारपणाची धास्ती कमी झाली म्हणाला. बोर्ड त्याने वाचला होता. तरी नमुना मेहुण्याला दाखवायला मागितला. काढून दिला.
घरी आलो. आरामखुर्चीत बायको बसली होती. मी स्टुलावर बसलो.